काळ्या बोटांचे नजीरमियाँ

नजीरमियाँची बोटं काळी होती. मेंदीसारखी वरवर रंगलेली नव्हेत, पार नखांच्या मुळापर्यंत काळी. लिंबू चोळा, चिंच चोळा, राख चोळा, रंग जायचा नाही. पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी बोटांकडे बघायचा आणि नकळत दोन पावलं मागं सरायचा. मग मियाँ हात त्याच्या नाकापर्यंत नेऊन सांगायचे, "रोग नोहे बापा, चांदी हाय. तुह्या घरी डब्यात ठेवत असशीन, मी बोटात ठेवतो."

चांदी खरीच होती. तेजाबात विरघळवलेल्या चांदीच्या पाण्यात काच बुडवायची आणि तिच्यावर तसबीर काढायची, हा त्यांचा धंदा. ते पाणी हाताला लागलं आणि ऊन पडलं की कातडी काळी पडते. त्यांचं घराणं अकोटच्या रंगाऱ्यांचं. "बापाची बोटं निळी, माही काळी. खानदानात साफ बोटाचा कोनी निपजलाच नाही," असं म्हणून ते खूष व्हायचे. ही विद्या ते मुंबईत कुणा पारशाच्या दुकानात शिकले म्हणे. यापलीकडे त्यांच्या मागच्या आयुष्याचं मला फारसं ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही.

आता गावोगाव फोटोवाले झाले आहेत. मागं रंगवलेला बंगला, पुढं खुर्ची, आणि खुर्चीत छातीवर घड्याळाची साखळी सोडून बसलेला कुणीतरी. मला या फोटोवाल्यांचा राग येतो. नजीरमियाँना पाहिलेल्या माणसाला येणारच.

ही गोष्ट अमेरिकेत लढाई पेटली होती तेव्हाची. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. अमरावतीला कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती गावाबाहेर कुठपर्यंत जायची ते रांगेतल्यांनाही ठाऊक नसे. मुंबईच्या एका कंपनीनं तिथं कचेरी उघडली, तेव्हा अकोल्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून मी तिथं कारकून झालो. पगार वाढला, पण 'मास्तर' हे नाव काही सुटलं नाही. ती नोकरी दीड वर्षं टिकली. ती कशी गेली तेही यात येईलच.

कंपनीच्या साहेबाच्या मनात आलं, की अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पाहण्यासारखं जे जे आहे, त्याच्या तसबिरी काढून त्यांचं एक मोठं पुस्तक विलायतेतल्या मालकांना पाठवावं. कंपनीचा छापखाना, म्हणजे कापसाच्या गाठी दाबायचं यंत्र, नवा पूल, आगगाडीच्या लोखंडी रस्त्याचं चाललेलं काम, साहेबाचा बंगला, झालंच तर एखाददुसरं देऊळ. तसबिरी काढायला नजीरमियाँ नेमले गेले, आणि प्रत्येकीखाली वळणदार अक्षरात नाव लिहायला मी. काचा, औषधं, चांदी, सगळं कंपनीचं. देखरेखीला कचेरीचे बडे मुनीम भगवानदासजी.

मियाँचा एक छकडा होता, चारी बाजूंनी काळ्या कापडानं झाकलेला. काचेवर मधासारखं दाट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालून तसबीर घ्यायची आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची, असा तो सगळा धावपळीचा मामला. अंधार म्हणून तो छकडा. रस्त्यानं लोक विचारायचे, "आत कोन बसलं हो?"

"बायको," मियाँ सांगायचे. "उजेड लागला का रुसते."

स्वतः मियाँही काळे कपडे घालायचे. चैत्रात, वैशाखात, वऱ्हाडच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात पायघोळ काळा अंगरखा! मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. मग एकदा कारण दिसलं. काचेवर उमटलेली तसबीर उलटी असते, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. पण तीच ओली काच काळ्या कापडापुढं विशिष्ट तऱ्हेनं तिरपी धरली की सुलटी दिसते. मियाँ छकड्यातून बाहेर यायचे, निथळती काच आपल्या छातीशी धरायचे आणि ज्याची तसबीर असेल त्याला बोलवायचे, "ये, पाह्य." माणूस वाकून त्यांच्या छातीत स्वतःला बघायचा. कागदावरची तसबीर साहेबाला जाणार, गाडीवानाला कुठून मिळणार? म्हणून हा माणूस उन्हाळाभर काळ्या कपड्यात भाजून घ्यायचा.

कागदाचीही एक गंमत होती. चकाकीचा कागद अंड्याच्या पांढऱ्यावर तयार व्हायचा. पिवळं उरायचं ते आमच्या छकड्याचा गाडीवान खायचा, आणि त्या प्रवासात तो असा काही सुटला की बैल मागं वळून बघायला लागले. मी ब्राह्मण. पहिल्यांदा कळलं तेव्हा तसबिरी रुमालानं धरून नाव लिहीत होतो. महिनाभरात रुमाल कुठं गेला तो गेला. पण अंजनगावच्या वाटेवरच्या एका देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं देवीची तसबीर मागितली, तेव्हा मियाँनी आपण होऊन अंड्याचं सांगितलं. मी खुणावत होतो, कशाला बोलता म्हणून. "खोटं बोलून देवी द्याची? मंग ती तसबीर नाही राह्यली, चोरीचा माल झाला," म्हणाले. दोन दिवस मुक्काम करून त्यांनी नुसत्या मिठाच्या आणि तांदळाच्या पेजेच्या कागदावर देवी उतरवली. मळकट आली. पुजारी म्हणाला, "अशीच हाय आमची." आणि ती डोक्यावर घेऊन आत गेला.

काचा धुवायला पाणी फार लागायचं, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी मागणं म्हणजे जीव मागणं. म्हणून मियाँचा नियम होता, गावात पाणी देईल त्याची तसबीर पहिली. कंपनीची दुसरी. एका गावाला एक नवश्रीमंत कास्तकार आडवा आला. कापसाच्या पैशानं त्यानं गाडीच्या चाकांना चांदीचे पत्रे ठोकले होते. गाडीसकट आपली तसबीर निघावी म्हणून तो सकाळपासून नटून उभा. मियाँनी पेटी वळवली ती रस्त्याकडेच्या पाणपोईवर बसलेल्या म्हातारीकडं. तिनं दोन घागरी दिल्या होत्या.

कास्तकार तांबडा झाला. "काहो मियाँ, मी कोन हावो ठाऊक हाय का?"

"हाय ना," मियाँ पडद्यात डोकं घालत म्हणाले. "तुमी दुसरे."

तसबीर घेताना पेटीचं झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, याचा हिशेब लागतो. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. ते घरापासूनच्या रस्त्यावरची गावं मोजायचे. मोठ्यानं, प्रत्येक नाव सारख्या चालीत लांबवत: "अकोट... अंजनगाव... एलिचपूर... चांदूर... अमरावती... बडनेरा." कडक ऊन असलं तर चांदूरला झाकण बंद, आभाळ आलं तर पार बडनेऱ्यापर्यंत. तेवढ्या वेळात जो हालला तो तसबिरीत उमटत नाही. फार तर धुरासारखा एक पट्टा राहतो.

आता मियाँच्या आणि मुनीमजींच्या भांडणाकडे येतो.

एके दिवशी मियाँनी तसबीर घेतली ती बाभळीची. अमरावतीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी बाभळी आहेत. गच्च भरलेल्या गाड्या खेटून जायच्या आणि काट्यांना कापूस अडकून राहायचा. त्या हंगामात मैलच्या मैल बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही रोज त्याखालून जात होतो, पण मियाँनी पेटी लावली तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं. "पाह्यन्यासारखी जागा लिवा मास्तर," ते म्हणाले. "वऱ्हाडात याच्यापरीस पाह्यन्यासारखं काय हाय? मालक घेऊन गेला, तरी काट्यानं आपला वाटा ठेवून घेतला."

मुनीमजींनी ती काच पाहिली. "कंपनी के काच पर बबूल? पुसून टाका." काचा थोड्या उरल्या होत्या, आणि नको असलेली काच खरवडून पुन्हा वापरता येते. नियम कंपनीचाच होता. मियाँ म्हणाले, "माह्या हातानं होनार नाही."

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुसली. सोड्याचं पाणी आणि चिंधी घेऊन बसलो आणि चांगला घासून घासून तो पांढरा रस्ता पुसला. मियाँ शेजारी उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "नीट पुसा मास्तर. कोपऱ्यात एक काटा राह्यला."

शेवटची तसबीर अमरावतीच्या कापूस बाजाराची होती, आणि साहेबाला खरी हवी होती ती हीच. भर दुपार, शेकडो हमाल, डोक्यावर कापसाची गाठोडी घेतलेल्या बायका, गाड्या, आरडाओरडा. मधोमध खुर्चीवर कंपनीचे अडते. मियाँनी गावं मोजली, आत गेले, बाहेर येऊन काच छातीशी धरली. मुनीमजी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "वा! क्या साफ आया है!"

साफच होतं. त्या तसबिरीत बाजार रिकामा होता. खुर्चीवरचे अडते नाकीडोळी स्वच्छ, गाठींची रास स्वच्छ, कचेरीची पाटी स्वच्छ. माणसं नव्हती. जमिनीलगत नुसता धूर.

बायकांच्या टोळीची पुढारीण गिरजाबाई नावाची चांदूरकडची बाई होती. जिभेला हाड नसलेली. ती गाठोडं टाकून पुढं आली, पदरानं घाम पुसला आणि मियाँच्या छातीत बघू लागली. बराच वेळ शोधलं.

"अन् मी कुठी हावो?"

मियाँनी काच तिच्यापुढं आणखी तिरपी धरली.

"मी ह्या खुर्चीवाल्याच्या म्होरूनच गेली ना? चार खेपा केल्या. हा बसला तर दिसला, अन् मी मरमर केली तर मले भूत करून टाकलं? डोये फुटले का तुमच्या पेटीचे?"

मियाँनी काच छातीवरून खाली घेतली. त्याच संध्याकाळी मुनीमजींनी मला त्या तसबिरीखाली लिहायला लावलं, 'अमरावतीचा कापूस बाजार, भर गर्दीच्या वेळी.' आणि मी लिहिलंही, फार सुरेख अक्षरात.

मियाँ दुसऱ्या दिवशी मुनीमजींसमोर उभे राहिले. "ही तसबीर झूट हाय. मी पुन्ना घेनार. फक्त बडनेऱ्यापर्यंत काम थांबवा."

"हंगामात काम थांबवू? मजुरांच्या तसबिरीसाठी?" मुनीमजी हसले. "किताब पूरी झाली, मियाँ. आता आराम करा." आणि चांदीच्या पाण्याची बाटली त्यांनी आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. चांदी नाही, तर तसबीर नाही. शिल्लक एक काच तेवढी मियाँच्या छकड्यात राहिली होती.

मियाँ बाजारात गेले आणि गिरजाबाईला सरळ सांगितलं, की बाई, चूक माझी आहे, तुला दिसेल अशी तसबीर काढायची आहे, पण चांदी कुलपात आहे. पुढं जे झालं ते मी कचेरीच्या पायरीवरून पाहिलं. गिरजाबाई खाली बसली, दगडावर पाय ठेवला आणि खटपट करून एका पायातला तोडा काढला. दुसरा तसाच ठेवला. "एक पेटीले, एक मले," म्हणाली. मग कुणी मोडका ताईत आणला, कुणी करदोट्याची घुंगरी, आणि एका गाडीवानानं आपल्या बैलाच्या शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्या उपटल्या. मला हे बघवेना. कष्टाची चांदी ती, तेजाबात जाणार! मी मियाँना म्हटलं, "यांना परत काय मिळणार?"

"त्यायले इचारा," ते म्हणाले.

विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ओळखीच्या सोनारानं तेजाब दिलं. हिणकस काढायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं होतं. भर बाजार चालू असताना मियाँ तीन पायांच्या तिकाटण्यावर पेटी लावून उभे राहिले. गिरजाबाईनं आधीच सगळ्यांना पढवलं होतं. मला मियाँ म्हणाले, "मास्तर, तुमी बी ऱ्हा. कडेले, पायरीवर." मी वही छातीशी धरून उभा राहिलो.

मियाँनी काळा हात वर केला आणि ओरडले, "अकोट!"

आणि अमरावतीचा कापूस बाजार थांबला.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण तशी नाही. ज्याचा पाय उचलला होता त्यानं तो टेकवला आणि खिळला. बायकांच्या डोक्यावर गाठोडी तशीच. गाडीवानांनी बैलांच्या वेसणी मुठीत धरल्या. तराजूची पारडी कुणीतरी हातानं धरून ठेवली. "अंजनगाव..." एक माशी माझ्या कानाशी गुणगुणत होती, ती भर बाजारात मला ऐकू आली. "एलिचपूर..." कचेरीचं दार धाडकन उघडलं आणि मुनीमजी बाहेर आले. "काम क्यों रुका? अरे, चलो! चलो!" कुणी पापणी हलवली नाही. गिरजाबाई तर थेट पेटीकडं बघत होती, आता दाखव मला म्हणून. "चांदूर..." मुनीमजी खुर्च्यांपाशी, गाड्यांपाशी, वेड्यासारखे धावत होते आणि सगळा बाजार त्यांच्याभोवती दगडासारखा उभा होता. एका बैलानं तेवढा मुतून निषेध केला. "अमरावती..."

"मास्तर!" मुनीमजी किंचाळले.

"बडनेरा!" मियाँनी झाकण लावलं आणि बाजार पुन्हा सुरू झाला, जसा काही थांबलाच नव्हता.

मियाँ ओली काच छातीशी धरून बाहेर आले तेव्हा मला त्या गर्दीत जवळ जाता आलं नाही. गिरजाबाईचा आवाज मात्र ऐकू आला. "हे पाहा, हे पाहा! तोडा बी दिसते!" मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. आजूबाजूच्या बायका तिला ढकलून आपापली तोंडं शोधत होत्या.

मुनीमजी गर्दीत घुसले आणि हात पुढं केला. "काच कंपनीची आहे. इधर दो."

"बरोबर हाय," मियाँ म्हणाले. "काच तुमची, चांदी ह्यायची. दोनी येगळ्या करा, अन् तुमची तुमी घेऊन जा."

गर्दी मुनीमजींच्या आणखी जवळ सरकली. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. नुसते उभे राहिले. उभं राहणं त्यांना आता चांगलं जमत होतं. मुनीमजी मागं फिरले आणि जाता जाता मला म्हणाले, "उद्या फौजदाराला अर्ज. चोरीचा. तुम्ही लिहायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर छकडा रस्त्यावर उभा. कोवळ्या उन्हात छापलेल्या पाचसहा तसबिरी मियाँनी बाजारात वाटल्या होत्या. माझ्यासाठी एक ठेवली होती. मी ती हातात घेतली आणि थक्क झालो. माणसंच माणसं. एकेकाच्या कपाळावरची शीर दिसत होती. गिरजाबाई मधोमध, एका पायात तोडा. मुनीमजी कुठंच नव्हते. इतके धावले, की धूरसुद्धा उरला नव्हता.

कडेला पायरीवर मात्र एक चेहरा नसलेला माणूस होता. पाय स्वच्छ, हातातली वही स्वच्छ, आणि मानेच्या वर नुसता पुसट पट्टा.

"हा कोण?" मी विचारलं.

मियाँनी काळं बोट त्या पट्ट्यावर ठेवलं. "तुमाले हाक मारली ना त्यायनं."

माझ्या कानशिलांतून आग निघाली. एवढ्या माणसांत एकटा मी वळलो होतो. ज्यांनी पायातली चांदी दिली ते हालले नाहीत, आणि पगारी कारकून हालला. मला काहीतरी बोलायचं होतं, क्षमा मागायची होती, त्या बाभळीचीसुद्धा.

मियाँनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या खेपेले हालू नका, मास्तर," म्हणाले, आणि छकड्यावर चढले. काच त्यांनी कापसात गुंडाळून मांडीवर घेतली होती.

मी आत जाऊन टेबलाशी बसलो. खिडकीतून सरळ रस्ता दिसायचा, पार नाक्यापर्यंत. मुनीमजी मागं येऊन उभे राहिले. "लिहा. नजीर नावाच्या इसमाने कंपनीची काच चोरून नेली, अकोटच्या रस्त्याने पळतो आहे. जलदी लिहा, नाक्यावरच पकडता येईल."

मी टाक दौतीत बुडवला. बाहेर छकडा पिंपळाखालून पुढं सरकत होता. काळ्या अंगरख्याची पाठ दिसत होती, ताठ. आज तरी बैल जरा जोरात हाकायला लावायचे! पण नाही. घाई करणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

"मास्तर, लिहा!"

अकोट, मी मनात म्हटलं. अंजनगाव. एलिचपूर.

"मास्तर! ऐकू येत नाही?"

चांदूर. अमरावती. बडनेरा. छकडा अजून दिसत होता, म्हणून मी पुन्हा अकोटपासून सुरुवात केली. मुनीमजींनी टेबलावर मूठ आपटली, नोकरी जाईल म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. मी मान वळवली नाही. किती वेळा बडनेऱ्याला पोहोचलो ते आठवत नाही. शेवटच्या वेळी नाक्याचा शिपाई छकड्याला वाट द्यायला बाजूला झाला, काळी पाठ वळणावर एकदा उन्हात आली आणि दिसेनाशी झाली. टाकाच्या टोकावरची शाई तोवर वाळून गेली होती.